डावा बाक

पावतीबुकात मी लिहिलं :
गळकाठी एक. बांबूची, सहा चिरफळ्या चिकटवलेली,
साडेआठ फूट, दोन तुकडे,
सांधा ढिला, कड्या गंजलेल्या, टोक शाबूत.
नाव : तहसीन बागवान, भवानी पेठ.
ती म्हणाली, नाव अब्बांचं लिहा, काठी त्यांची आहे.
मी खोडलं. गुलाबभाई लिहिलं.
मग म्हणाली, मागच्या रमजानात गेले ते.
पेन तसंच धरून बसले थोडा वेळ.

दिवसा मी भोसरीत मोटारी भरते.
तांब्याची तार, खाचेमागून खाच, मोजून वेढे.
रात्री खडकीत, ह्या दहा बाय बाराच्या खोलीत,
तेच वेढे, फक्त रेशमाचे.
काठी जोडली की एक टोक ओट्यावरच्या डब्यांत
आणि दुसरं दाराबाहेर,
मग कुलथेबाई व्हार्निशच्या वासानं
खिडकी आपटतात.
आपटू देत.

जुनं दोरकाम उसवायला घेतलं.
वर हिरवा दोरा, कुणातरी दुकानदाराची घाई.
त्याखाली तपकिरी, कुजलेला, नखानं सुटणारा.
त्याच्याही खाली, सांध्याच्या चार बोटं वर
काहीतरी चावलं.
मांजा.
संक्रांतीचा, काच लावलेला, गुलाबी रंग उडालेला.
बांबूला चीर गेलेली; तिच्यावर भाताची खळ फासून
ह्या माणसानं हाताला लागला तो दोरा गुंडाळला होता
आणि इतक्या वर्षांनी
पाण्यातून, उन्हातून, दोन कारागिरांखालून
तोच तेवढा धरून होता.
मी बोट तोंडात घातलं.
वेढे मोजले. एकेचाळीस. एकही एकावर एक नाही.

बाक नंतर दिसला.
काठी डोळ्याशी लावली, दिव्याकडे रोखली :
शेवटच्या दोन फुटांत डावीकडे, करंगळीभर.
एकाच बाजूला वर्षानुवर्षं ताण पडल्याशिवाय
बांबू असा वळण घेत नाही.
स्टोव्हच्या धगीवर फिरवत, उलटं दाबत
अर्ध्या तासात निघतो.
स्टोव्ह पेटवलाही होता. तरी फोन लावला,
गिऱ्हाइकाला विचारलेलं बरं.

डावखुरे होते का?
नाही, ती म्हणाली.
पानशेतला मला उजवीकडच्या दगडावर बसवायचे.
गळ माझ्या डोक्यावरून जायला नको
म्हणून कायम डावीकडं टाकायचे.
मग पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
मग : करा ना सरळ. भिंतीवरच तर लावायचीय.

भिंतीवर.
भिंतीला काय कळणार, कडी कुठं बसवली,
काठीचा कणा कुठल्या अंगाला आहे.
रागानंच मी स्टोव्ह बंद केला
आणि कणा शोधून, कड्या बाकाच्या हिशेबानं लावल्या,
जणू उद्या पहाटेच कुणी धरणावर जाणार आहे.
दोरा अंजिरी. मुठीला नवं बूच.
मांजा ठेवला तसाच, वर नुसता पारदर्शक थर.

भंगारातल्या मायक्रोवेव्हची,
ताट फिरवणारी ती एवढीशी मोटार
रात्रभर काठी फिरवत होती,
व्हार्निशला ओघळायला एक जागा मिळू नये म्हणून.
खाली गादीवर मी. झोप नाही.
छतावर तिची सावली फिरताना दिसत नव्हती,
मांजाचे वेढे तेवढे मधूनच चमकायचे.

दिवाळीनंतर तहसीन पुन्हा दारात.
जुन्या ओढणीत गुंडाळलेली काठी,
टोक मोडलेलं, चांगलं नऊ इंच.
वरच्या कडीत शेवाळ.
बुचाच्या भोकांत चिखल, पूर्ण सुकलेला नाही.
कटला होता, म्हणाली,
हात पसरून दाखवला,
मग जरासे जवळ आणले.

नाव? मी विचारलं.
माझंच लिहा.
ह्या वेळी पैसे जास्त पडतील, म्हटलं, टोक नवं घालायचंय.
ती उंबऱ्यावर बसली
आणि घासाघीस करू लागली.